जन्मठेपेच्या कैद्याची माफी: खान्देशातल्या घरच्यांनी कुठून सुरुवात करायची

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सत्र न्यायालयात जन्मठेप लागली, हायकोर्टातलं अपीलही गेलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आते आपण राष्ट्रपतीले अर्ज करसूत." मग कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे दोन पानी अर्ज तयार होतो, तो पोस्टाने दिल्लीला जातो आणि घरचे वाट बघत बसतात. उत्तर आलंच तर एवढंच येतं की, आपला अर्ज महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे. म्हणजे जिथून सुरुवात करायची होती तिथेच कागद परत आला. मधला काळ फुकट गेला.

विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक म्हणून मी अशा घरांमध्ये बसतो. माफीचा न्याय-अन्याय राष्ट्रपती भवनात ठरतो असं लोकांना वाटतं. माझ्या मते बहुतेक वेळा तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या एका पानाच्या अहवालात आणि घरच्यांच्या पिशवीतल्या कागदांत ठरतो. म्हणून हे लिहितोय. वकिलाला पर्याय म्हणून नव्हे. वकिलाकडे जाताना हातात काय असावं आणि त्याला काय विचारावं, एवढ्यापुरतं.

आधी दार ओळखा

शिक्षा माफ करायची किंवा कमी करायची ताकद राज्यघटनेने दोघांना दिली आहे. कलम ७२ खाली राष्ट्रपतींना, कलम १६१ खाली राज्यपालांना. राष्ट्रपतींकडे तीन तऱ्हेची प्रकरणं जातात: लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा, केंद्राच्या अखत्यारीतल्या कायद्याखालचे गुन्हे आणि फाशी. बांधावरच्या भांडणातला खून, हुंड्यापायी मृत्यू, दरोडा या नेहमीच्या कलमांखाली जन्मठेप असेल तर तुमचा संबंध राज्याशी आहे, दिल्लीशी नाही.

याशिवाय तिसरं दार आहे आणि प्रत्यक्षात माणसं सुटतात ती मुख्यतः त्यातून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४७३ ते ४७५. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली. त्याआधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३२, ४३३ आणि ४३३-अ मध्ये होती, त्यामुळे जुने वकील आणि तुरुंगातले कारकून अजून ४३२ च म्हणतात. या कलमांखाली राज्य सरकार उरलेली शिक्षा माफ करू शकतं. कागदोपत्री त्याला मुदतपूर्व सुटका म्हणतात.

मोबाईलवर अमेरिकेच्या बातम्या बघून डोक्यात गोंधळ होतो, तो इथेच मिटवू. तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मर्जीने माफी देतो आणि खटला चालण्याआधीही देऊ शकतो. १९७४ मध्ये फोर्ड यांनी निक्सन यांना तशी दिली. बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या मुलाला दिली, आणि ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार लोकांना. आपल्याकडे तसं चालत नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम निकालात सांगितलं. २०२२ मध्ये राजीव गांधी हत्येतल्या पेरारिवलनच्या प्रकरणात, राज्यपाल सल्ला मिळूनही फाईल दाबून बसले तेव्हा, ते पुन्हा बजावलं आणि त्याची सुटकाच करून टाकली. म्हणजे सही राज्यपालांची असली तरी फाईल गृह विभागात तयार होते. साहेबांना भेटून काम होईल या आशेवर मुंबईच्या वाऱ्या करू नका.

"संजय दत्तला कसं मग?" हा प्रश्न दर बैठकीत येतो. उत्तर ऐकण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्याचा दोष कायम ठेवला आणि सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली. त्याला माफी मिळावी म्हणून मोठमोठ्या लोकांनी राज्यपालांकडे अर्ज केले आणि २०१५ मध्ये राज्यपालांनी ते फेटाळले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो थोडा लवकर सुटला तो तुरुंगातल्या वागणुकीवर मिळालेल्या माफीच्या दिवसांमुळे. तसे दिवस तुमच्या माणसालाही मिळतात. ते त्याच्या खात्यावर नीट चढलेत का, हे मात्र विचारावं लागतं.

कोणतं राज्य?

सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. नवापूर, अक्कलकुवा, तळोद्याची माणसं ऊसतोडीला आणि मजुरीला सुरत-बारडोलीकडे जातात. रावेर-यावलचं अर्धं गणगोत बऱ्हाणपूरकडे. तिकडे गुन्हा झाला, तिकडच्या कोर्टात शिक्षा लागली, तर माफीचा निर्णय ते राज्य करतं. माणूस धडगावचा असला तरी शिक्षा सुरतच्या कोर्टाची असेल तर अर्ज गुजरात सरकारकडे आणि धोरणही गुजरातचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बिल्किस बानो प्रकरण. गुन्हा २००२ चा, गुजरातमधला. खटला मात्र सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला हलवला होता आणि शिक्षा मुंबईत लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने अकरा जणांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. शिक्षा ज्या राज्यातल्या कोर्टाने दिली ते राज्य महाराष्ट्र, गुजरातला अधिकारच नव्हता, असं सांगून सगळ्यांना दोन आठवड्यांत पुन्हा तुरुंगात हजर व्हायला लावलं. चुकीच्या दारातून मिळालेली माफी टिकत नाही.

त्याच वेळी शिक्षा कोणत्या कायद्याखाली आहे तेही बघा. शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातली गांजाची प्रकरणं आपल्याकडे कमी नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३२-अ आहे. त्या कायद्याखालच्या शिक्षेला सरकारी माफी लागू होत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो भाग कायम ठेवला. अशा वेळी राज्यघटनेतलं दार उरतं, पण ते अरुंद आहे हे आधीच समजून असा. तपास सीबीआयचा असेल तर राज्याला केंद्राची सहमती घ्यावी लागते. मग फाईल लांबणारच.

कागद

एक जाड फाईल घ्या आणि हे गोळा करायला लागा. सत्र न्यायालयाच्या निकालाची पूर्ण नक्कल, फक्त शेवटचं पान नव्हे. हायकोर्टाचा आणि गेला असाल तर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. जळगाव, धुळे, नंदुरबारची अपिलं औरंगाबाद खंडपीठात जातात, त्यामुळे तिथला अपील क्रमांक पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दंड भरल्याची पावती. दंड बाकी असेल तर उसनवारी करून का होईना भरा. बाकी राहिलेला दंड पुढे फाईलवर बोट ठेवायला जागा देतो. कैदी क्रमांक. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला. आजारपण असेल तर सरकारी दवाखान्याचे कागद.

आणि तुरुंगातून नॉमिनल रोल. हा एका बंद्याचा पूर्ण हिशेब असतो. कधी आत आला, कच्चा कैदी म्हणून किती दिवस होता, किती रजा घेतल्या, किती दिवस उशिरा परतला, माफीचे किती दिवस मिळाले, शिक्षा कोणत्या झाल्या. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा धरलेत का, हे बोट ठेवून बघा. जळगावच्या जिल्हा कारागृहात काढलेले महिने नाशिकरोडच्या रेकॉर्डला आले नाहीत, असं होतं. जळगाव कारागृहाचं प्रमाणपत्र आणून दिलं की दुरुस्ती होते, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

वयाचा पुरावा मी मुद्दाम वेगळा काढतोय. गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या आत होतं, हा दावा कधीही करता येतो. अपील संपलं तरी, शिक्षा भोगून झाली तरी. पुण्याच्या १९९४ च्या एका हत्याकांडातला राजस्थानी तरुण फाशीची शिक्षा घेऊन अठ्ठावीस वर्षांच्या वर तुरुंगात होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर प्रमाण मानलं, गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता असं धरलं आणि सोडून दिलं. सातपुड्यातल्या पाड्यांवर जन्मनोंद नसते. पोलिसांनी अंदाजे एकोणीस लिहिलं की ते एकोणीसच राहतं. पण आश्रमशाळेच्या प्रवेश रजिस्टरात पहिलीला नाव घातल्याची तारीख असते. शंका असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते रजिस्टर गाठा, मुख्याध्यापकांकडून उतारा घ्या आणि वकिलाला दाखवा.

वर्षांचा हिशेब

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा गैरसमज गावोगाव आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. गोपाळ गोडसेने हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, आणि माफीचे दिवस मोजून सुटका मागायचा हक्क कैद्याला नाही. पुढे १९६४ मध्ये तो सुटला, पण सरकारने सोडला म्हणून.

मग चौदा कुठून आलं? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप असेल, तर कमीत कमी चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकार मुदतपूर्व सुटका देऊ शकत नाही, असं कलम ४७५ सांगतं. चौदा ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्षच, माफीचे दिवस त्यात धरत नाहीत. पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर, बाहेर काढलेले दिवसही धरत नाहीत. गोव्याच्या कैद्यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं. फर्लोचं, म्हणजे संचित रजेचं, वेगळं आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ते दिवस शिक्षेत जमा होतात.

चौदानंतर किती, ते राज्याच्या धोरणावर. महाराष्ट्राने २०१० मध्ये गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वर्गवारी केली आहे. रागाच्या भरात झालेला खून एका वर्गात, कट करून केलेला दुसऱ्यात, बायका-मुलांवरचे गुन्हे आणखी वरच्या वर्गात, आणि प्रत्येक वर्गाची वर्षं वेगळी. त्याआधी १९९२ चं धोरण होतं. कोणतं लागू? शिक्षा लागली त्या दिवशी जे होतं ते, आणि नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर ते. २०१० च्या हरियाणाच्या एका प्रकरणातला हा निकाल आहे. वकिलाला नेमकं हेच विचारा: "आमचा माणूस कोणत्या वर्गात धरलाय, आणि दुसऱ्या धोरणात तो कुठे बसतो?" एका वर्गाचा फरक म्हणजे कित्येक वर्षांचा फरक. निकालपत्रात "पूर्वनियोजित" हा शब्द आहे का, हे शोधायला मी पहिल्यांदा पूर्ण नक्कल मागतो ती यासाठीच.

फाईल कशी फिरते

खान्देशातले लांब शिक्षेचे बंदी बहुधा नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात असतात. वागणूक चांगली असेल तर काही पैठणच्या खुल्या कारागृहात जातात. मुदत जवळ आली की अधीक्षक प्रस्ताव तयार करतात. त्याला ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्या न्यायाधीशांचं मत, जिल्हा पोलिसांचा अहवाल, जिल्हा प्रशासनाचं मत आणि तुरुंगाचं स्वतःचं मत जोडलं जातं. प्रस्ताव पुण्याला कारागृह मुख्यालयात जातो, तिथून मंत्रालयात गृह विभागाकडे.

१८ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट केली. राज्याचं धोरण असेल तर पात्र झालेल्या प्रत्येक बंद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा, त्याने अर्ज केलाच पाहिजे असं नाही. निर्णय कारणांसह लेखी द्यायचा, बंद्याला कळवायचा आणि त्याची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवायची. आतापर्यंत ज्याच्या घरी लिहिता-वाचता येणारं माणूस, त्याचाच प्रस्ताव पुढे सरकायचा. कागदावर तरी ते संपलं. पण यावर विसंबून गप्प बसू नका. मुदत भरायच्या वर्षभर आधी घरच्यांनी आणि बंद्याने अधीक्षकांकडे लेखी विनंती द्यावी आणि पोच घ्यावी.

आता पोलिसांचा अहवाल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फाईल इथेच मरते.

ठाण्यातून एक हवालदार गावात येतो. पोलीस पाटलाला विचारतो, सरपंचाला विचारतो, फिर्यादीच्या घरच्यांचा जबाब घेतो. फिर्यादीचं घर बहुतेक वेळा त्याच गल्लीत असतं. ते म्हणतात, "तो आला तर आम्हाला जगू देणार नाही." साहजिक आहे, त्यांचं माणूस गेलंय. मग अहवालात ते ठरलेलं वाक्य येतं: "सदर बंदी गावी आल्यास शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही." पंधरा वर्षांपूर्वीच्या रजेच्या अहवालात हेच वाक्य होतं आणि आजही तेच. गृह विभागातल्या टेबलावर बसलेल्या माणसाने ना गाव बघितलंय ना बंदी. त्याच्यापुढे हे एकच वाक्य असतं.

यावर करता येतं ते असं. सुटल्यावर माणूस दुसऱ्या गावी राहील अशी सोय आधीच करा. घटना पारोळा तालुक्यातली असेल तर बहिणीकडे अमळनेरला, नाहीतर मुलाकडे भुसावळला. त्या घराचा पत्ता, घरमालकाचं किंवा नातेवाइकाचं हमीपत्र, तिथल्या पोलीस पाटलाचा किंवा नगरसेवकाचा दाखला आणि काम देणाऱ्याचं पत्र जोडा. केळीच्या बागेत कामाला ठेवतो, गॅरेजवर घेतो, असं साधं पत्र चालतं. हे सगळं हवालदार यायच्या आधी अर्जासोबत ठाण्यातही द्या आणि शिक्का मारून घ्या. मग "गावी आल्यास" या वाक्याचा आधारच जातो, कारण तो गावी येणारच नाहीये. मागच्या रजांमध्ये काही गडबड झाली नसेल तर तसं स्पष्ट लिहून मागा. "बंदी यापूर्वी अमुक वेळा रजेवर आला, कोणतीही तक्रार नाही" हे वाक्य ठाण्याच्या लेटरहेडवर मिळालं तर सोन्याहून पिवळं.

म्हणूनच रजा जपा. वेळेत परत पाठवणं ही घरच्यांची जबाबदारी समजा. लग्नात दोन दिवस जास्त थांबला, पावसात एसटी बंद होती, या कारणांवर हजर व्हायला झालेला उशीर पुढे फाईलवर फरार म्हणून वाचला जातो. खरंच अडचण आली तर मुदत संपायच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावा आणि तुरुंगाला लेखी कळवा.

न्यायाधीशांचं मतही असंच कोरडं येऊ शकतं: "गुन्हा गंभीर आहे, शिफारस नाही." २०२२ मध्ये छत्तीसगडच्या एका बंद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, असं कारणाविना दिलेलं मत पुरेसं नाही, ते पुन्हा मागवावं लागेल. तुमच्या फाईलवर असं काही असेल तर हा मुद्दा वकिलाच्या कानावर घाला.

अर्जात काय लिहायचं

"मी निर्दोष आहे, मला गोवलं गेलं" याने सुरुवात करू नका. मुदतपूर्व सुटकेत खटला पुन्हा चालत नाही. न्यायालयांनी ठरवलेल्या कसोट्या २००० च्या लक्ष्मण नसकर निकालात आहेत. गुन्हा समाजाला हादरवणारा होता की एका भांडणापुरता? तसं पुन्हा व्हायची शक्यता किती? गुन्हा करायची ताकद आता माणसात उरली आहे का? त्याला अजून आत ठेवून काही साधतंय का? घरची परिस्थिती काय? अर्जाचे परिच्छेद याच पाच प्रश्नांची उत्तरं म्हणून लिहा. उदाहरणार्थ:

"घटना शेताच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात घडली. यापूर्वी माझ्यावर कोणताही गुन्हा नव्हता. आज माझं वय अठ्ठावन्न असून उजव्या गुडघ्याचा त्रास आहे, सरकारी रुग्णालयाचे कागद जोडले आहेत. तुरुंगात सुतारकाम शिकलो. सुटल्यावर मुलीकडे राहणार आहे, तिचं संमतीपत्र जोडलं आहे. वादातली जमीन सन अमुकमध्ये विकली आहे, सातबारा जोडला आहे."

शेवटचं वाक्य बघा. भांडणाचं मूळच उरलं नाही, हे सातबारा दाखवतो. असे पुरावे सुचायला घरच्यांशी बसून बोलावं लागतं, छापील अर्जात ते येत नाहीत. बंदी पावरी किंवा भिलोरी बोलणारा असेल तर त्याने सांगितलेलं त्याच्या भाषेत ऐकून मग मराठीत लिहा, आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका.

पैसे, वकील, पाठपुरावा

अर्जाला फी नाही. मंत्रालयात ओळख आहे, पन्नास हजार द्या, महिन्यात आदेश आणतो, असं सांगणारे नाशिकरोडच्या मुलाखतीच्या रांगेतच भेटतात. त्यांना टाळा. तुरुंगातल्या प्रत्येक माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर मोफत आहे.

अर्ज दिल्यावर तीन-चार महिन्यांत काही कळलं नाही तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. लांबलचक गाऱ्हाणं लिहिलं की परत येतो. फक्त विचारा की अमुक बंद्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयात गेला आणि आज कुठे आहे. एक अर्ज तुरुंगाला, एक पोलीस अधीक्षकांना, एक गृह विभागाला. फाईल कुठे अडली ते समजतं. तरीही हालचाल नसेल, किंवा कारण न देता नकार आला असेल, तर हायकोर्टात रिट याचिका. कोर्ट सहसा थेट सोडत नाही, सरकारला ठरावीक मुदतीत पुन्हा विचार करायला लावतं. तेही कमी नाही.

फाशी असेल तर

इथे मात्र दिवस मोजायचे. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचं अधीक्षकांनी कळवलं त्या दिवसापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज गेला पाहिजे, असं नव्या संहितेचं कलम ४७२ सांगतं. बंदी स्वतः करू शकतो, वारस किंवा नातेवाईकही करू शकतो. आधी राज्यपालांकडे, तिथे नकार आला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्राने साठ दिवसांत शिफारस करायची. राष्ट्रपतींना मुदत नाही. त्यांच्या निर्णयाची चौकशी कोणतंही न्यायालय करणार नाही, असंही त्या कलमात लिहिलंय. पण निर्णयापर्यंत पोचायला झालेली दिरंगाई न्यायालयांनी आजवर तपासली आहे. कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेवर आणली ती दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला म्हणून. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणातल्या दोघांचंही तेच झालं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना राज्यांना दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष काढायला सांगितलं. म्हणून प्रत्येक कागदाची तारीख आणि पोच जपा.

दयेच्या अर्जात मात्र पुराव्यावर बोलता येतं. राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून वेगळं मत बनवू शकतात, असं १९८८ च्या केहर सिंग निकालात म्हटलंय. नकार आला तर तो लेखी मिळाला पाहिजे आणि फाशीआधी किमान चौदा दिवसांची सूचना, घरच्यांची शेवटची भेट, हे २०१४ च्या निकालाने बांधून दिलंय.

समोरच्या घराचं काय

ज्याचं माणूस मेलंय त्याला हे सगळं अन्यायच वाटतं, आणि त्यांचं म्हणणं फाईलवर यायलाच हवं. त्यांच्या दारात समझोत्याला जाऊ नका, पैसे देऊन संमतीपत्र आणू नका. तो जबाबच पुढे दबाव म्हणून उलटतो. बोलायचंच असेल तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत. पीडितांच्या घरच्यांनीही हे वाचलं तर त्यांना सांगतो: तुम्ही गृह विभागाला लेखी हरकत देऊ शकता आणि चुकीची माफी कोर्टात रद्दही होऊ शकते. बिल्किस बानोंनी ते करून दाखवलं. २००६ मध्ये आंध्रच्या एका प्रकरणात राज्यपालांची माफी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि बजावलं की जात, धर्म, पक्षनिष्ठा यांवर दिलेली माफी टिकणार नाही.

माणसामाणसांत फरक होतो हे खोटं नाही. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खून खटल्यात हायकोर्टाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली आणि त्याला नौदलाच्या ताब्यात राहू दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं, तरी १९६४ मध्ये माफी मिळालीच. पाठीशी एक साप्ताहिक होतं, नौदलाचा गणवेश होता. धडगावच्या मजुराच्या पाठीशी यातलं काही नसतं. त्याच्याकडे हमीपत्र, सातबारा, शाळेचा उतारा आणि पोच पावत्या असू शकतात. त्या मात्र पूर्ण असाव्यात.

आदेश आल्यावर

सुटका बहुतेक वेळा अटींवर असते: ठाण्यात हजेरी, ठरावीक गावात न जाणं, बाँड. आदेशाच्या झेरॉक्स काढून एक प्रत माणसाच्या खिशात, एक घरी, एक नव्या पत्त्याच्या ठाण्यात पोच घेऊन द्या. अट झेपणारी नसेल, म्हणजे मजुरी बुडवून दर आठवड्याला पन्नास किलोमीटर हजेरीला जायचं असेल, तर ती बदलायचा अर्ज लगेच करा, मोडून मग नव्हे. अट मोडल्याचा आरोप झालाच तर नोटीस देऊन म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय माफी रद्द करता येत नाही, हेही फेब्रुवारी २०२५ च्या त्याच निकालात आहे. नोटीस हातात पडली की त्याच दिवशी विधी सेवेच्या वकिलाला दाखवा.